रन : धावणं कमी, वाहणं जास्त

एका तरुण मैत्रिणीनं तिच्या भाषांतराचा मसुदा वाचायला दिला होता. मूळ इंग्रजी कथेत एक साधं वाक्य होतं, 'ही रॅन द टॅप अंटिल द वॉटर रॅन क्लिअर.' तिनं लिहिलं होतं, 'पाणी स्वच्छ धावेपर्यंत त्यानं नळ चालवला.' 'धावेपर्यंत'खाली आणि 'चालवला'खाली पेन्सिलीची बारीक रेघ तिचीच होती, म्हणजे काहीतरी खटकतंय हे तिला कळलं होतं. त्या एका ओळीपाशी आम्ही बराच वेळ बसलो. शेवटी वाक्य झालं, 'पाणी नितळ येईपर्यंत त्यानं नळ सोडून ठेवला.' नळ आपण सोडतो आणि पाणी येतं. इंग्रजीतले दोन्ही 'रन' गेले, मराठीची दोन वेगवेगळी क्रियापदं आली आणि धावणं कुठेच उरलं नाही.

तेव्हापासून हे क्रियापद डोक्यात घोळतंय, म्हणून इथे चर्चेला घेते.

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेलं क्रियापद कोणतं, या प्रश्नाला बरीच वर्षं 'सेट' हे उत्तर मिळायचं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट'चे ४३० अर्थ नोंदलेले होते. तिसऱ्या आवृत्तीसाठी 'रन'ची नोंद नव्यानं लिहिली गेली तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच अर्थ ६४५ भरले. पीटर गिलिव्हर या कोशकारानं ते काम केलं आणि त्याला नऊ महिने लागले. तीन अक्षरांच्या एका शब्दासाठी नऊ महिने! मला त्या माणसाचा फार आदर वाटतो. आपण शाळेत 'रन म्हणजे धावणे' एवढं पाठ करून पुढे गेलो आणि उरलेले अर्थ एकेक करून ठेचकाळत शिकलो.

एवढे अर्थ आले कुठून, याचं अर्धं उत्तर शब्दाच्या जन्मातच आहे. 'रन' ज्या कुळातला आहे त्याच कुळात जर्मनमध्ये आजही दोन क्रियापदं आहेत : 'रेनन' म्हणजे धावणं आणि 'रिनन' म्हणजे पाझरणं, वाहणं. ऱ्हाइन नदीचं नावही वाहण्याच्या याच मुळाशी जोडतात. जुन्या इंग्रजीतही आपण धावणं आणि दुसऱ्याला धावायला लावणं यांसाठी दोन रूपं होती. ती पुढे एकमेकांत मिसळून एकच 'रन' राहिलं. त्यामुळे 'कंपनी रन्स' आणि 'शी रन्स द कंपनी' ही दोन्ही वाक्यं इंग्रजीत एकाच रूपावर भागतात. मराठीत तसं होत नाही. कंपनी चालते, ती कंपनी चालवते. 'चालणे-चालवणे', 'पळणे-पळवणे', 'वाहणे-वाहवणे' असा आपला कारखाना वेगळा आहे, आणि भाषांतर करताना पहिली ठेच बहुतेक इथेच लागते.

मला यात सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की धावणं आणि वाहणं यांचं हे नातं आपल्याकडेही आहे, फक्त ते संस्कृतात राहिलं. 'द्रु' या धातूपासून 'द्रुत' आला, म्हणजे वेगवान, आणि त्याच धातूपासून 'द्रव'ही आला. 'सृ' म्हणजे सरकणं, धावणं. त्यातून 'सरिता' आली. खुद्द 'धाव्'चेही संस्कृतात धावणं आणि वाहणं असे दोन्ही अर्थ आहेत, आणि याच रूपाचा दुसरा अर्थ धुणं असा आहे. म्हणून तर 'दंतधावन' म्हणजे दात घासणं. मराठीत येईपर्यंत मात्र वाटणी झाली. पायांची क्रिया 'धावणे'कडे गेली, पाण्याची 'वाहणे'कडे, आणि यंत्रापासून संसारापर्यंत जे जे न थांबता पुढे जात राहतं ते सगळं 'चालणे'च्या वाट्याला आलं.

म्हणून इंग्रजीतली धावणारी बहुतेक कामं मराठीत चालतात. घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, वर्ग चालतात, प्रोग्राम चालतो, डोकं चालतं. इंग्रजी वर्तमानपत्र बातमी 'रन' करतं. मराठी पत्रकारही 'ती बातमी आम्ही चालवली' असंच म्हणतात. पण दोन्ही शब्द एकमेकांवर तंतोतंत बसतात असं समजू नये. 'द प्ले रॅन फॉर अ हंड्रेड नाइट्स' हे वाक्य नुसता काळ सांगतं. आपण 'नाटक चाललं' म्हणतो तेव्हा ते यशस्वी झालं असा अर्थ होतो. इंग्रजीत नाटक थोडे दिवस 'रन' होऊन पडूही शकतं, मराठीत पडलेलं नाटक चाललेलं नसतंच. आणि 'चालेल!' या आपल्या एका शब्दात जो होकार आहे, जी तडजोड आहे, ती 'रन'च्या ६४५ अर्थांत कुठे बसेल असं मला वाटत नाही.

लॅटिनमध्ये धावण्यासाठी 'कुरेरे' हे क्रियापद होतं. इंग्रजीतले 'करंट', 'करन्सी', 'कोर्स', 'करिक्युलम', 'कुरिअर', 'कर्सर', 'कॉरिडॉर' हे सगळे त्याचे वंशज. आता मराठी प्रतिशब्द पाहा. 'करंट अकाउंट' म्हणजे चालू खातं आणि 'करन्सी' म्हणजे चलन. तिकडे पैसा धावतो, इकडे चालतो. 'करिक्युलम'ला आपण 'अभ्यासक्रम' म्हणतो आणि 'क्रम' हाही मुळात पाऊल टाकण्याचाच शब्द. हे मला एका बैठकीत सुचलेलं नाही. 'चलन' हा शब्द कुठेतरी वाचताना मध्येच उजेड पडला आणि मग एकेक जोडी सापडत गेली.

पायांच्या अर्थानं वापरला तरी 'रन' सरळ नाही, कारण तिथे आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत, धावणे आणि पळणे. प्रमाण मराठीत या दोघांत दिशेचा फरक जाणवतो. आपण कशाकडे तरी धावतो आणि कशापासून तरी पळतो. मदतीला माणूस धावून जातो. तो मदतीला पळून गेला असं म्हटलं तर अर्थाचा अनर्थ होईल. 'पळून जाणे', 'पळवून नेणे', 'पळवाट', 'पळपुटा' या सगळ्यांत सुटका आहे, भीती आहे, चोरटेपणा आहे. 'धावा करणे'त मात्र हाक आहे, कुणीतरी आपल्याकडे यावं म्हणून घातलेली. बोलीत हा फरक पुष्कळदा पुसला जातो, 'पळत ये' हे कित्येकांच्या तोंडी सहज असतं आणि ते चूक नाही. पण कथेचं भाषांतर करताना 'द चाइल्ड रॅन' एवढंच समोर आलं तर मूल कुणाकडे चाललंय की कुणापासून दूर, हे आधी पाहावं लागतं. इंग्रजी लेखकानं जे मोघम ठेवलं ते मराठीत ठरवावंच लागतं.

खरी गंमत रंगांची आहे. पावसात पत्र भिजलं : 'द इंक हॅड रन.' डोळ्यांतलं काजळ : 'रन.' धुतलेल्या कपड्यांत निळा पांढऱ्यावर गेला : तोही 'रन.' मराठीत एकच क्रियापद धरून बसलं की तिन्ही वाक्यं बिघडतात. शाई फुटते किंवा पसरते. काजळ ओघळतं. कपड्याचा रंग जातो, आणि शेजारच्या कपड्याला तो लागतो. 'रंग गेला' आणि 'रंग लागला' ही एकाच घटनेची दोन टोकं आहेत, एकात ज्याचा गेला तो कपडा आणि दुसऱ्यात ज्याला मिळाला तो. इंग्रजीची नजर वाहण्यावर असते, मराठीची ते वाहून कुठे पोचलं यावर. त्या मैत्रिणीच्या मसुद्यात 'निळा रंग पांढऱ्यात धावला' असं होतं. आता तिथे 'पांढऱ्याला निळा लागला' आहे. किती साधं, आणि किती आपलं!

'रन' पुढे विशेषण घेतं तेव्हा तर धावणं पूर्ण संपतं आणि नुसतं 'होणं' उरतं. विहीर 'रन ड्राय' होते, म्हणजे आटते. पैसे 'रन शॉर्ट' होतात, म्हणजे कमी पडतात. रक्त 'रन कोल्ड' होतं, म्हणजे भीतीनं गारठतं. पोरं 'रन वाइल्ड' झाली की मोकाट सुटतात. अशा ठिकाणी विशेषण वेगळं आणि क्रियापद वेगळं असं भाषांतर करायला जाऊच नये. दोघांचं मिळून मराठीत बहुतेक वेळा एकच भरीव क्रियापद असतं. 'आटणे'त कोरडं होणंही आलं आणि हळूहळू होणंही आलं.

पाठोपाठ येणाऱ्या अव्ययांनी अर्थ कसा फिरतो ते सगळं इथे मावणार नाही, पण दोनतीन ठिकाणं सांगायलाच हवीत. 'वी रॅन आउट ऑफ पेपर' या वाक्यात कर्ता 'आम्ही' आहे. मराठीत कागद संपतो, आम्ही नाही. 'आमच्याकडचा कागद संपला' असं कर्तेपण कागदाकडे दिलं की वाक्य लगेच जागेवर बसतं. 'आय रॅन इंटू हिम'मध्ये बहुतेक वेळा टक्कर नसते. तो अचानक भेटला, त्याची गाठ पडली. तेच झाडाच्या बाबतीत असेल तर मात्र आदळणंच. आणि 'कॅन आय रन धिस बाय यू?' याला कार्यालयीन मराठीत हल्ली 'हे तुमच्याकडून रन करून घेऊ का' असं काहीतरी ऐकू येतं, त्यानं जीव तुटतो. 'हे जरा तुमच्या कानावर घालू का?' हा किती नेमका आणि अदबशीर प्रयोग आपल्याकडे तयार आहे.

निवडणुकीचंही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड' करतो, म्हणजे तिकडे धावतो आणि इकडे उभा राहतो. मराठीत तो निवडणुकीला उभा राहतो किंवा निवडणूक लढवतो. अमेरिकी बातम्यांच्या घाईघाईच्या भाषांतरात 'ते अध्यक्षपदासाठी धावत आहेत' असं वाक्य मी वाचलंय. ते वाचताना डोळ्यांसमोर खरोखरच एक धावणारा माणूस येतो आणि बातमी बाजूला राहते.

मग धावणं मराठीत कुठे टिकलं? 'रन'च्या हाताला धरून आलेल्या काही शब्दांत ते इतकं छान रुजलंय की ते परके वाटतच नाहीत. 'धावपट्टी', 'धावतं समालोचन', 'धावती भेट'. 'गाड्या उशिरानं धावत आहेत' हेही आता आपलंच आहे, त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. शिवणकामातला 'धावदोरा' तर माझा लाडका. सुई कापडाच्या वर-खाली होत सरळ पुढे जाते, त्या टाक्याला याहून चांगलं नाव सुचणं अवघड. क्रिकेटमधल्या 'धाव'नं तर स्वतःचं गोत्र वाढवलं : धावसंख्या, धावफलक, धावबाद, धावचीत. आणि चेंडू सीमेपार गेला की कुणी पाऊल न उचलताही चार धावा मिळतात. फार पूर्वी क्रिकेटमध्ये धावा मोजायला काठीवर खाचा पाडत आणि इंग्रजीत धावेला 'नॉच', म्हणजे खाच, असंच म्हणत. म्हणजे तो 'रन' हाही एके काळी नवाच शब्द होता.

घराण्यातल्या गुणांबद्दल 'इट रन्स इन द फॅमिली' म्हणतात. त्याला 'रक्तातच आहे' हे ठीक आहे, पण रक्त म्हटलं की थोडा अभिमान डोकावतो. आजाराबद्दल, तापट स्वभावाबद्दल बोलायचं तर मला 'घराण्यात चालत आलंय' हे जास्त बरं वाटतं. 'रन'चं ते अखंड पुढे सरकणं त्यात आहे आणि चाल आपली आहे.

आता माझी अडचण. त्याच कथेचं शेवटचं वाक्य आहे, 'द ओल्ड मॅन अँड द क्लॉक हॅड बोथ रन डाउन.' एकाच क्रियापदावर म्हातारा आणि भिंतीवरचं घड्याळ दोघंही तोललेत. घड्याळाची चावी संपते, माणसाची शक्ती सरते. 'दोघंही थांबले होते' म्हटलं तर म्हातारा मेला असं वाटेल, आणि तो तर अजून खुर्चीत बसलेला आहे. 'मंदावले' बरं आहे, पण घड्याळ पुरतं बंद पडलंय, नुसतं मंद झालेलं नाही. दोन वेगळी क्रियापदं वापरली की त्या दोघांचं सोबत असणंच जातं. सध्या मसुद्यात 'म्हातारा आणि घड्याळ, दोघंही दमले होते' असं लिहून ठेवलंय. दमलेलं घड्याळ मराठी कानाला पटतं का? याहून नेमकं कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा, मसुदा अजून आमच्याकडेच आहे.