कॅश शॉर्ट आहे, तीन माणसं आहेत... नुसत्या बोलण्यावरून खोटं ओळखता येतं का?

रोजकीर्द:
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे, संस्थेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. गेल्या शुक्रवारी सकाळी हेड ऑफिसची अचानक तपासणी आली आणि तिजोरीत ४०,००० शॉर्ट निघाले. रोजकीर्दीला शिल्लक बरोबर, नोटांच्या तपशिलाच्या वहीतही बरोबर, पण प्रत्यक्षात पाचशेच्या ८० नोटा कमी, चार बंडलांत वीस-वीस. किल्ल्या दोन आहेत, एक कॅशियरकडे (२२ वर्षं झाली त्यांना, आम्ही सगळे अण्णाच म्हणतो) आणि एक क्लार्क मुलीकडे, आणि शिपाई दिवसभर आत-बाहेर करतोच.

चेअरमन म्हणाले पोलिसात जायच्या आधी तुम्ही विचारून बघा. सोमवारी तिघांना एकेकटं घेऊन विचारलं. अण्णांना म्हटलं गुरुवारी संध्याकाळी कॅश मोजली का, तर म्हणाले "मोजतोच की मॅडम रोज, मोजल्याशिवाय सही होते का कधी." मुलगी रडायलाच लागली. शिपाई म्हणाला देवाशप्पथ मी आत गेलो नाही, आणि सगळा वेळ खाली बघत होता, त्याच्यावर माझा आवाज चढला.

मी एक व्हिडिओ बघितला होता त्यात सांगितलंय की खोटं बोलणारा "मी" म्हणायचं टाळतो, शपथा घेतो, नजर चुकवतो, भूतकाळ-वर्तमानकाळ बदलतो, आणि अमेरिकेतल्या एका आईची केस पण दिली होती. त्या हिशोबाने बघितलं तर माझे तिघंही खोटारडे ठरतात!! तीन रात्री झोप नाही. यातल्या कोणाच्या तरी नोकरीचा प्रश्न आहे आणि मला अंदाजावर काही करायचं नाहीये. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा.

भाषावेडी:
ताई, तो "मी"वाला नियम इंग्रजीचा आहे, कृपा करून मराठीला लावू नका. मी अमराठी लोकांना मराठी शिकवते म्हणून हे रोज डोळ्यासमोर असतं. इंग्रजीत कर्ता सहसा गाळत नाहीत, म्हणून कोणी गाळला की खटकतं. आपण तर दिवसभर गाळतो. "जेवलो, झोपलो, उठलो, कामावर गेलो" यात एकदाही मी नाही आणि खोटंही काही नाही, कारण "जेवलो"मधेच मी बसलेला आहे.

पण आता "कॅश मोजली, बंडलं बांधली, तिजोरीत ठेवली" हे बघा. इथे क्रियापद कॅशच्या आणि बंडलांच्या मागे जातं, माणसाच्या मागे नाही. मी मोजली, तिने मोजली, आम्ही मोजली, सगळीकडे मोजलीच. म्हणजे पैशांच्या हिशोबाचं जवळजवळ प्रत्येक वाक्य आपल्या भाषेत आपोआप बिनमाणसाचं होतं, बोलणारा देवमाणूस असला तरी. त्यामुळे यावरून संशय घ्यायचा नाही, फक्त दर वेळी विचारायचं, कोणी मोजली? कोणी ठेवली? आणि "आपण मोजली" म्हणाले तर आपण म्हणजे कोण कोण.

काळाचंही तेच. "मी दार उघडतो तर काय, आत सगळा अंधार" असं खरं सांगणारा माणूससुद्धा रंगात येऊन म्हणतो.

मला अण्णांच्या उत्तरात वेगळंच दिसलं. तुम्ही गुरुवारचं विचारलंत आणि त्यांनी रोजचं सांगितलं. "मोजतोच की" ही रीत झाली, "मोजली" ही त्या दिवसाची गोष्ट. आणि पुढचं वाक्य तर उलट प्रश्नच आहे. दोन्हीत मिळून "हो, गुरुवारी मोजली" हे कुठेच आलं नाही. लगेच खोटं म्हणू नका हं, २२ वर्षं तेच काम करणाऱ्याला एखादा गुरुवार वेगळा आठवत नसेलही. पण उत्तर मिळालेलं नाही एवढं नक्की, परत विचारावं लागेल. अजून एक शब्द कानात ठेवा, "असणार". "मोजली असणार" म्हणजे माणूस आठवून नाही, अंदाजाने सांगतोय.

पोर्टस्मथहून:
मी इंग्लंडमधे फोरेन्सिक सायकॉलॉजी शिकतेय, साक्षीदारांच्या मुलाखती हाच विषय. आधी नजरेचं डोक्यातून काढून टाका. २००६ मधे बाँड आणि डिपाओलो या दोघांनी तोपर्यंतचे सगळे प्रयोग एकत्र करून बघितले, जवळपास २४,००० लोकांनी दिलेले निकाल, आणि खरं-खोटं बरोबर ओळखण्याचं प्रमाण आलं ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५० येतात. आणि आपल्याकडे कमी पगाराचा माणूस साहेबासमोर खाली बघतो ती त्याची रीत असते, शिपायाला त्यावरून धरणं अन्यायच होईल.

ती अमेरिकेतली केस सुझन स्मिथची असणार. साउथ कॅरोलिना, ऑक्टोबर १९९४. बाई म्हणाली की एका काळ्या माणसाने सिग्नलला गाडी पळवली, मागच्या सीटवर दोन लहान मुलं होती. टीव्हीवर मुलांबद्दल बोलताना ती भूतकाळात बोलली, त्यांना मी हवी होते अशा अर्थाचं, आणि नवरा मात्र वर्तमानात बोलत होता. नऊ दिवसांनी तिने कबूल केलं की गाडी तिनेच तळ्यात सोडली. व्हिडिओवाले इथे थांबतात. पण तिचं सांगणं आधीच खिळखिळं झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीने. ती म्हणाली लाल सिग्नलला थांबले आणि चौकात दुसरी एकही गाडी नव्हती. तो सिग्नल असा होता की आडव्या रस्त्यावर गाडी आली तरच लाल होणार. शब्दांनी शंका आली असेल, पण जाऊन तपासता येईल असा तपशील तिने दिला आणि तो टिकला नाही.

म्हणूनच इथले संशोधक आता लक्षणं शोधत बसण्यापेक्षा प्रश्न कसे विचारायचे यावर भर देतात. इंग्लंडमधे याला वाईट इतिहास आहे, गिल्डफर्डच्या बॉम्बस्फोटात चार जणांकडून दबावाने कबुली घेतली आणि ते १९८९ पर्यंत आत होते, तशाच दुसऱ्या बॉम्बस्फोटाच्या प्रकरणात अडकवलेले बर्मिंगहॅमचे सहा जण १९९१ मधे सुटले. त्यानंतर १९९२ मधे पोलिसांची चौकशीची पद्धतच बदलली, आधी तयारी, मग माणसाला त्याच्या शब्दांत पूर्ण सांगू द्यायचं, मग विसंगती शांतपणे समोर ठेवायची. कबुली काढणं हा हेतूच नाही, माहिती काढणं हा आहे.

आणि तुमच्याकडचा पुरावा आधी उघड करू नका. स्वीडनमधे २००६ मधे एक प्रयोग झाला, पोलिस प्रशिक्षणार्थींच्या एका गटाला शिकवलं की हातातली माहिती शेवटपर्यंत राखून ठेवा आणि आधी त्याच्या अवतीभवतीचे प्रश्न विचारा. त्यांचं ८५ टक्के बरोबर आलं, न शिकवलेल्यांचं ५६. तुम्ही अण्णांना "चार बंडलांत वीस-वीस कमी" असं सांगितलं आहे का? नसेल तर सांगू नका.

क्लेमतपास:
वरच्या दोघींनी छान लिहिलंय, मी आपलं कामातलं सांगतो. गाड्यांच्या विम्याचे क्लेम तपासायचं काम करतो, पंधरा वर्षं झाली, नाशिक-धुळे पट्टा. एकदा एक गृहस्थ, गाडी झाडाला धडकलेली, म्हणतात मीच चालवत होतो. सगळं सांगणं एकदम गुळगुळीत, आपण साठच्या स्पीडने होतो, आपण ब्रेक मारला, आपण डावीकडे घेतली, सगळं आपण आपण. आता आपण म्हणायची सवय आमच्याकडे अर्ध्या जिल्ह्याला आहे, त्यावरून काही ठरत नाही. मी फक्त ऐकून घेतलं. मग विचारलं गाडी थांबल्यावर उतरलात तेव्हा पाय कशात पडला? लगेच म्हणाले चिखलात, चप्पल अडकली गटारात, ती काढताना हात खरचटला. आणि हात दाखवला पण. गटार रस्त्याच्या डाव्या बाजूला, ड्रायव्हर उतरतो उजवीकडून, तिकडे कोरडं डांबर. उजवं दार जाम होतं का विचारलं तर नाही म्हणाले, आणि स्पॉटच्या फोटोत ते दार सताड उघडं होतं. तरी मी तोंडावर काही बोललो नाही, टोलनाक्याचा फोटो मागवला, स्टिअरिंगवर पुतण्या, ज्याला लायसन नव्हतं. तो फोटो समोर ठेवल्यावर ते गृहस्थ स्वतःच म्हणाले, साहेब लिहून घ्या.

चप्पल अडकल्याचं ते खरंच सांगत होते बघा! माणूस सगळं खोटं सहसा सांगत नाही, घडलेलंच सांगतो आणि एक तुकडा बदलतो. मुख्य प्रश्नाचं उत्तर घरून पाठ करून आलेला असतो, कडेच्या प्रश्नाचं कोणी पाठ करत नाही. म्हणून ताई, "मोजली का" असं हो-नाहीचं विचारूच नका. सगळी संध्याकाळ सांगायला लावा आणि गप्प बसा. गप्प बसणं हेच अवघड आहे, मला शिकायला पाच वर्षं लागली.

जुनाफौजदार:
पोलिस खात्यातून निवृत्त. ताई, कळकळीची विनंती आहे, "पैसे भरून टाक, प्रकरण इथेच मिटवू" असं कोणालाही म्हणू नका, आणि "नाहीतर बघ" असंही नाही. हुद्द्यावरच्या माणसाने आमिष किंवा धाक दाखवून घेतलेली कबुली कोर्टात उभी राहत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २२. आणि पोलिसांपुढची कबुली तर कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध चालतच नाही, जुन्या १८७२ च्या कायद्यातही हे होतंच. कोणीतरी तुम्हाला लाय डिटेक्टरचं सुचवेल, सुप्रीम कोर्टाने २०१० मधे सेल्वी खटल्यात सांगितलंय की ती टेस्ट, नार्को, ब्रेन मॅपिंग, यातलं काहीही संमतीशिवाय करता येत नाही.

बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. आमच्याकडे जबाब लिहिणारा स्वतःच्या भाषेत लिहायचा, "सदर इसमाने सदर रक्कम" वगैरे, आणि माणसाने काय म्हटलं होतं ते कायमचं जायचं. अण्णा "असणार" म्हणाले तर "असणार" लिहा. मग वाचून दाखवा. चोरी हा शब्द तुमच्या तोंडून येऊ देऊ नका, अजून चोरी ठरलेली नाही.

रोजकीर्द:
सगळ्यांचे खूप खूप आभार. आज काय झालं ते लिहिते. बंडलांचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तपासणीवाल्यांनी तिघांना बाहेर बसवून माझ्यासमोरच मोजलं होतं.

दुपारी अण्णांना रेकॉर्ड रूममधे बोलावलं, चहा मागवला आणि म्हटलं अण्णा, गुरुवारी काउंटर बंद केल्यापासून शटर ओढेपर्यंत सगळं सांगा, बारीकसारीक पण, मी मधे बोलणार नाही. ते म्हणाले, काउंटर बंद केला, बाजाराचा दिवस होता म्हणून उशीर झाला, चहा आला, चिल्लर पिशवीत भरली, ट्रे आत नेला, तिजोरीत ठेवलं, कुलूप लावलं, सही केली. मोजणं कुठेच आलं नाही. मी गप्प. पंखा फिरतोय आणि मी वहीकडे बघतेय. मग तेच म्हणाले, "मोजली असणार." भाषावेडी ताई, अंगावर काटा आला माझ्या!

मग विचारलं, पाचशेची बंडलं कुठल्या कप्प्यात, किती. एकदम बरोबर सांगितलं. त्यातलं शेवटी उघडून मोजलेलं बंडल कुठलं? बराच वेळ काही बोलले नाहीत, कपातली साय बोटाने बाजूला करत बसले. मग म्हणाले, मॅडम, खरं सांगतो, तळाची बंडलं आम्ही उघडतच नाही, वरच्या पट्टीवर शंभर लिहिलंय म्हणजे शंभर धरतो. नंतर मुलीला वेगळं बसवून विचारलं. ती म्हणाली लागल्या लागल्या मी एकदा मोजायला बसले होते तर अण्णा म्हणाले माझ्यावर भरवसा नाही का, तेव्हापासून मी नुसती सही करते. म्हणजे दोघं खोटं बोलत होते, पण पैशांबद्दल नाही, मोजण्याबद्दल. निदान आत्ता मला एवढंच म्हणता येतंय.

क्लेमतपास:
ताई त्या चार बंडलांच्या कागदी पट्ट्या कुठे आहेत? पट्टीवर बांधणाऱ्याची सही आणि तारीख असते. मोजताना फाडून कचऱ्यात गेल्या नसल्या म्हणजे मिळवली.

रोजकीर्द:
नाही गेल्या, तपासणीवाल्यांनी पट्ट्या पाकिटात घालून सील केल्या आहेत आणि पाकीट हेड ऑफिसला आहे. आत्ता फोन करून विचारलं. तीन पट्ट्यांवर मार्चच्या तारखा आहेत, चौथीवर तारीखच नाही. म्हणजे मी तिघांनाही भलत्याच दिवसाबद्दल विचारत होते, गुरुवारचा काही संबंध असेलच असं नाही, मार्चपासून कधीही झालं असेल. सह्या कोणाच्या ते पट्ट्या समोर घेतल्याशिवाय सांगत नाही म्हणाले, ते बरोबरच आहे.

शिपायाला मघाशी थांबवून घेतलं आणि सोमवारी आवाज चढवला त्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला असू द्या मॅडम, आणि शटर ओढायला गेला. उद्या सुट्टी आहे पण मी शाखेत जाणार आहे, मार्चपासूनच्या वह्या काढते.