रुग्णाशी नातं: ________

काल एका फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' हा रकाना दिसला आणि पेन तिथेच थांबलं. बारा वर्षांपूर्वी दादाला ल्युकेमिया झाला, तेव्हा हाच रकाना भरायला माझ्याबरोबर वहिनी होती. म्हणजे घटस्फोट होऊन तीन वर्षं झालेली वहिनी. तिने आधी 'पत्नी' लिहिलं, मग खोडलं, आणि लिहिलं 'रुग्णाच्या बहिणीची मैत्रीण'. काउंटरवरचा माणूस कागदाकडे बघतोय, आमच्याकडे बघतोय, परत कागदाकडे.

दादाशी ती मोजकंच बोलायची. पण पांढऱ्या पेशी कधी किती उतरल्या, केमोनंतर कितव्या दिवशी तोंड येतं, सगळं तिच्या वहीत. ताप १००.४ झाला की रात्रीचे दोन का असेनात, गाडी काढणार तीच. आई तिला ना सून म्हणू शके, ना नावाने हाक मारी. सात महिने नुसत्या 'अगं'वर भागवलं.

कुठल्याच रकान्यात न बसणारं असं माणूस तुमच्याकडे होतं का? लिहा. गोडच असायला हवं असं नाही.

धाकटी: आमच्याकडे सावत्र बहीण. वडील एक, आया दोन. आई तिचा विषयसुद्धा काढू द्यायची नाही. भावाच्या बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी माझी तपासणी झाली, जुळलं नाही. सख्ख्या भावंडात पूर्ण जुळायची शक्यताही २५ टक्केच असते म्हणे, मला वाटलं होतं आपण हक्काचे. आईबाबांना त्यांच्या तब्येतीमुळे बाद केलं. ही न बोलावता आली. अर्धी जुळली, आणि हल्ली अर्ध्यावरही करतात. पाच दिवस इंजेक्शनं घेतली, हाडं ठणकायची तिची. मग रक्तातून पेशी काढून घ्यायला चार-पाच तास मशीनला, दोन्ही हातांत सुया, हलायचं नाही. आणि नेमकं नाक खाजायला लागलं. मी औषधं आणायला गेले होते. परत येऊन बघते तर आई तिचं नाक खाजवून देत होती.
बोलत नव्हत्या हां. नुसतं नाक.

टिंबटिंब: नाक!! बसमध्ये वाचतेय, शेजारची बाई बघायला लागली माझ्याकडे

रात्रपाळी: हॉस्पिटलच्या त्या खुर्चीवर कोणी लिहिणार आहे का? ओढली की पलंग होते म्हणतात ती. चाळीस रात्री काढल्या, एकदाही पूर्ण उघडली नाही.

उशिरा आलेला: आमचं गोड नाही. भावाची किडनी गेली तेव्हा मी परदेशात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, आणि त्याला नेणारा-आणणारा त्याचा जुना रूममेट. नात्याचा ना गोत्याचा. लोक मला सांगायचे, 'केवढा भला माणूस, आभार मान.' मानवतच नव्हते. रागच यायचा त्याचा. का यायचा ते कळत होतं, म्हणून जास्तच यायचा. भाऊ जाऊन पाच वर्षं झाली. आता भावाच्या बाइकवरून आमचं भांडण चालू आहे. मी म्हणतो तू ठेव, तो म्हणतो तू ठेव. बाइक पार्किंगमध्येच, बॅटरी कधीच उतरली.

मधली: @उशिरा आलेला, बॅटरी काढून ठेवा निदान.

उशिरा आलेला: त्याने काढलीय, हे मला आत्ता विचारल्यावर कळलं.

कपाटाची किल्ली: घाईत लिहितेय, कुकर लावलाय. बहिणीच्या वेळी आम्ही सगळे सख्खे बाह्या सरसावून रक्त द्यायला तयार. डॉक्टर म्हणाले, प्रत्यारोपण व्हायचंय, जवळच्या नातेवाइकांचं नको. एवढा अपमान! नंतर कारण नीट समजावलं. कोणाकडे अशी वेळ असेल तर परस्पर रक्त देऊन मोकळे होऊ नका, आधी विचारा. प्लेटलेट तर पाच दिवसच टिकतात, साठवूनही ठेवता येत नाहीत. मग तिच्या ऑफिसात तिच्याशी अजिबात न पटणारा एक जण होता, त्याने याद्या केल्या. कोण कधी देणार, कोणाला सर्दी झालीय. स्वतः दोनदा देऊन गेला. ती बरी होऊन कामावर गेली आणि पंधरा दिवसांत त्याच्याशी परत भांडली. शिट्टी झाली, येते.

टिंबटिंब: मूळ धाग्यावर एक विचारू का? दादा आणि वहिनी परत एकत्र आले?

नाही हो. सगळे हेच विचारतात, आणि 'नाही' म्हटलं की हिरमुसतात! दादा ठणठणीत आहे. तिने दुसरं लग्न केलं. दादाच्या तपासण्यांच्या तारखा तिच्या नवऱ्याच्या फोनमध्ये असतात, कारण दादा आणि ती दोघंही विसरतात. त्या नवऱ्याला मी काय म्हणावं हे अजून ठरलेलं नाही. सध्या 'अहो'.

मधली: म्हणजे आईचं 'अगं', तुमचं 'अहो'. घराण्याची पद्धतच दिसते.

धाकटी: राहिलंच, भावाचा रक्तगट बदलला! ओ होता, आता बहिणीचा बी. तो हट्ट करायला लागला की आई म्हणते, 'हे तिच्याकडचं.' आणि प्रत्यारोपणानंतर लहानपणच्या लसी पहिल्यापासून घ्याव्या लागतात. एक्केचाळिसाव्या वर्षी हा बाळांच्या रांगेत. नर्सने विचारलं, बाळ कुठंय? कार्डावर 'आईचे नाव' होतं, तिथे पठ्ठ्याने दोन्ही आयांची नावं लिहिली. आईने कार्ड वाचलं आणि चष्मा पुसत म्हणाली, अक्षर किती घाण आहे याचं.

रात्रपाळी: खुर्चीच्या डाव्या बाजूला खाली एक खटका असतो, असं आत्ता बायको सांगतेय. चाळीस रात्री!!