जालियनवाला बाग मुलीला दाखवायची आहे. नेमके काय दाखवावे आणि काय सांगावे?

उंबरठा

नमस्कार. येत्या ऑक्टोबरात आम्ही घरचे तिघे अमृतसरला जाणार आहोत: मी, 78 वर्षांचे वडील आणि सातवीत शिकणारी मुलगी. यात्रा कंपनीने दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत सकाळी सुवर्णमंदिर, दुपारी अटारीची सीमा आणि या दोहोंच्या मधल्या फटीत ‘जालियनवाला बाग, अर्धा तास’ असे लिहिले आहे. ते वाचून वडिलांनी चष्मा काढून ठेवला आणि ‘अर्धा तास तर चहालाही लागतो’ एवढेच म्हणाले.

वडील इतिहासाचे शिक्षक होते. 1979 साली ते शाळेची सहल घेऊन तिथे गेले होते आणि आत शिरतानाचा विटांचा अरुंद, उघडा बोळ त्यांच्या मनात अजून जसाच्या तसा आहे. 2021 च्या नूतनीकरणानंतरची छायाचित्रे मी त्यांना दाखवली, तेव्हा बोळाच्या भिंतींवर बसवलेली शिल्पे पाहून ते अस्वस्थ झाले आणि आता ‘तुम्ही दोघी आत जाऊन या, मी बाहेर थांबतो’ असे म्हणत आहेत. 13 एप्रिल 1919 रोजी तिथे भरलेल्या सभेवर ब्रिटिशांनी केलेल्या गोळीबाराला मुलीच्या पुस्तकात मोजून चार ओळी आहेत. त्या वाचून तिने विचारलेला प्रश्न असा: ‘माणसे पळून का गेली नाहीत?’ मला नीट उत्तर देता आले नाही.

मृतांचा आकडाही ठिकठिकाणी वेगवेगळा दिसतो. तिला कोणता सांगावा? जे जाऊन आले आहेत किंवा ज्यांचे या विषयावर वाचन आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोरा कागद

मी 2016 आणि 2022 अशा दोन वेळा जाऊन आलो आहे, म्हणजे जुनी मांडणी आणि नवी मांडणी दोन्ही पाहिल्या आहेत. आपल्या वडिलांची अस्वस्थता मला पूर्ण समजते, पण त्यांनी बाहेर थांबू नये असे आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण जे पाहायचे आहे ते बोळाच्या भिंतींवर नसून बोळाच्या रुंदीत आहे आणि ती रुंदी शिल्पे लावली म्हणून नाहीशी झालेली नाही.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या जमिनीवरच मिळते. 1919 साली तिथे बाग अशी नव्हतीच. चारी बाजूंनी घरांच्या पाठी आणि भिंती, मध्ये खोलगट, ओसाड मैदान, एक समाधी, एक विहीर आणि तुरळक झाडे, एवढाच तो पसारा होता. बाहेर पडायला चार-पाच चिंचोळ्या वाटा होत्या, त्यांतल्या बहुतेक बंद होत्या. मुख्य बोळातून ब्रिटिश लष्करी अधिकारी जनरल डायर सायंकाळी पाचच्या सुमारास 90 सैनिक घेऊन आत आला. त्यांतल्या 50 जणांकडे बंदुका होत्या आणि उरलेल्या 40 गुरख्यांकडे फक्त कुकऱ्या होत्या. आत शिरल्या शिरल्या जमीन थोडी उंच आहे, त्या उंचवट्यावर त्याने सैनिकांच्या रांगा लावल्या आणि कोणतीही पूर्वसूचना न देता गोळीबाराचा हुकूम दिला. थोडक्यात, लोक ज्या वाटेने आत आले होते त्याच वाटेवर बंदुका उभ्या होत्या. पळणाऱ्यांनी दुसऱ्या टोकाच्या भिंती गाठल्या, तर गोळ्या तिकडे वळल्या. जिथे गर्दी दाट दिसेल तिथे मारा करा असेच सांगितलेले होते. सुमारे दहा मिनिटांत 1650 फैरी झाडल्या गेल्या.

म्हणून माझी सूचना अशी आहे की बोळातून आत गेल्यावर लगेच स्मारकाकडे चालू लागू नका. त्या उंचवट्यावर बोळाकडे पाठ करून उभे राहा आणि समोर पाहा. गोळीबार कुठून झाला याची खूण तिथे आहे. मग मैदान ओलांडून, गोळ्यांच्या खुणा जपलेल्या भिंतीपाशी जा आणि तिथून मागे वळून बोळाकडे पाहा. या दोन जागांवरून मुलीला जे कळेल ते कोणत्याही दालनातल्या फलकावरून कळणार नाही. शक्य असल्यास उंचवट्यावर उभे असताना घड्याळ लावून दहा मिनिटे काही न बोलता थांबा. ‘दहा मिनिटे’ हे शब्द पुस्तकात फार लहान वाटतात.

एक सावधगिरी. पहिल्या खेपेला आम्हाला भेटलेल्या वाटाड्याने डायरने मशीनगन चालवल्याचे मोठ्या रंगात येऊन सांगितले. ते खरे नाही. त्याने मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या आणल्या होत्या, पण बोळ इतका अरुंद की त्या आत जाऊ शकल्या नाहीत, म्हणून त्या बाहेर सोडाव्या लागल्या. तसेच, उधमसिंगांनी डायरला मारले असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. त्यांनी 13 मार्च 1940 रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये मारला तो मायकेल ओड्वायर, म्हणजे 1919 साली पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला आणि डायरच्या कृत्याला संमती देणारा अधिकारी. डायर 1927 सालीच आजारपणाने मेला होता. नावांच्या साधर्म्यामुळे हा घोळ झाला आहे आणि तो शिकल्यासवरल्या घरांतही आढळतो.

धाकटी पाती

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त ‘जुने ते खरे आणि नवे ते खोटे’ असा जो सूर अशा चर्चांमध्ये लागतो त्याबद्दल थोडे लिहिते. 2021 च्या बदलांवर इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि हुतात्म्यांच्या वंशजांनी घेतलेले आक्षेप मला बरेचसे पटतात. ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम तिथे नसता तर काही बिघडले नसते, आणि बोळातली हसरी शिल्पे पाहून मलाही अवघडल्यासारखे झाले. तथापि, आपल्या वडिलांनी 1979 साली जे पाहिले तेही 1919 चे मैदान नव्हते. 1920 साली लोकवर्गणीतून ती जागा विकत घेतली गेली, मधला उंच ज्योतिस्तंभ बेंजामिन पोक या अमेरिकी वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार उभा राहिला आणि 13 एप्रिल 1961 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याचे उद्घाटन केले. हिरवळ, फुलांचे ताटवे, आखीव पायवाटा हे सगळे नंतरचेच. तेव्हाही कोणीतरी जुन्या माणसाने ‘इथे हिरवळ कशाला?’ असे विचारले असेलच.

विहिरीपाशी मात्र थांबा. आता तिच्याभोवती काच आहे आणि आत वाकून पाहताना आपलेच प्रतिबिंब मध्ये येते, हा दोष खरा. या एका विहिरीतून 120 मृतदेह काढले गेले असे तिथल्या फलकावर लिहिलेले आहे.

दप्तरदार

आकड्याबद्दल. मुलीला एकच आकडा सांगू नका. आकडे दोन सांगा आणि ते कसे निघाले तेही सांगा. सातवीतल्या मुलीला हे व्यवस्थित कळते, हा माझा अनुभव आहे.

सरकारी आकडा 379. ही मोजणी सरकारने तातडीने केलेली नव्हती. गोळीबारानंतर तीन महिन्यांनी, जुलै 1919 मध्ये, ‘ज्यांची माणसे दगावली त्यांनी येऊन माहिती द्यावी’ असे शहरातल्या लोकांना सांगण्यात आले. आता विचार करा, सभेवर बंदी होती, लष्करी कायद्याखाली लोकांना भर रस्त्यात फटके मारल्याच्या आठवणी ताज्या होत्या, आणि माहिती देणे म्हणजे आपल्या घरचा माणूस त्या सभेत होता अशी कबुली देणे. किती जण पुढे आले असतील? शिवाय तो बैसाखीचा रविवार होता आणि गुरांच्या जत्रेसाठी आसपासच्या खेड्यांतून पुष्कळ लोक आलेले होते. सभाबंदीची दवंडी त्याच दिवशी शहरात काही ठिकाणी पिटली गेली, ती यांतल्या अनेकांच्या कानावरही पडली नव्हती. अशा परगावच्या मृतांची नावे शहरातल्या यादीत कशी यावीत? या सरकारी 379 मध्येसुद्धा 41 अल्पवयीन मुलगे आणि सहा आठवड्यांचे एक तान्हे बाळ आहे.

काँग्रेसने स्वतंत्र चौकशी समिती नेमली होती. तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. या समितीने साक्षी नोंदवून मृतांची संख्या सुमारे 1000 धरली. तेव्हा ‘सरकारी यादीप्रमाणे 379, काँग्रेसच्या चौकशीप्रमाणे सुमारे 1000, आणि खरा आकडा कधीच कळणार नाही’ हे वाक्य तिच्या वहीत जसेच्या तसे लिहून दिले तरी चालेल.

सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीत मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड होते. त्यांनी डायरची जी उलटतपासणी घेतली ती आपल्या वडिलांनी वाचली नसेल तर अवश्य वाचावी. चिलखती गाड्या आत येऊ शकल्या असत्या तर मशीनगन चालवल्या असत्या का, असे त्यांनी विचारले, तेव्हा डायर बहुधा ‘हो’ असे म्हणाला. गोळीबार न करताही जमाव पांगवता आला असता हेही त्याने कबूल केले, पण मग ते परत आले असते आणि मला हसले असते, असे त्याचे म्हणणे. जखमींचे काय केले, यावर ते माझे काम नव्हते, इस्पितळे उघडी होती, त्यांनी तिथे जायचे होते, असे उत्तर मिळाले. त्या रात्री आठनंतर संचारबंदी होती, म्हणजे इस्पितळापर्यंत जाणाराही गोळीला पात्र ठरला असता. रतनदेवी नावाच्या बाईंची साक्ष नोंदलेली आहे. त्या रात्रभर नवऱ्याच्या देहाशेजारी त्या मैदानात बसून होत्या, कारण देह घरी न्यायला सोबत मिळेना. माझ्या मते मुलीला दहा मिनिटांबरोबर ही रात्रही सांगावी. पुस्तके गोळीबार थांबला की थांबतात.

अजून एक. वेळ असेल तर कूचा कौडियांवाला हा बोळही विचारत विचारत गाठा. 10 एप्रिलला मार्सेला शेरवूड या मिशनरी बाईंवर तिथे हल्ला झाला, म्हणून डायरने 19 एप्रिलपासून त्या बोळातून जाणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाने पोटावर सरपटत जावे असा हुकूम काढला. तिथल्या रहिवाशांना घरी जायला दुसरी वाट नव्हती. ज्या बाईंच्या नावाने हा हुकूम निघाला, त्यांना हल्लेखोरांपासून वाचवून आसरा देणारेही स्थानिक हिंदी लोकच होते.

पाणवठा

थोडी व्यावहारिक भर. बागेत सकाळी लवकर जावे; दहानंतर गर्दी इतकी होते की वर सांगितल्याप्रमाणे उंचवट्यावर स्वस्थ उभे राहणे अशक्य होते आणि लोक आपल्याला त्यांचे छायाचित्र काढून द्यायला सांगतात. सुवर्णमंदिरापासून बाग चालत अगदी जवळ आहे, त्यामुळे गाडीची वाट पाहू नये. टाऊन हॉलमधले फाळणीचे संग्रहालयही जवळच आहे, मात्र ते सोमवारी बंद असते. दोन्ही एकाच दिवशी करू नये असे मला वाटते, 78 वर्षांच्या माणसाला तर नाहीच.

उंबरठा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परवाच परत आलो, म्हणून हा धागा पूर्ण करते. यात्रा कंपनीची गाडी त्या दिवसापुरती सोडून दिली आणि सकाळी सात वाजता तिघेही चालत गेलो. इतके वाचूनही आम्ही नेमके सोमवारीच तिथे होतो, त्यामुळे फाळणीचे संग्रहालय हुकले.

वडील आत आले. बोळात ते शिल्पांकडे न पाहता दोन्ही हात थोडे पसरून भिंतींमधले अंतर अजमावत चालले होते, मागून येणाऱ्या दोघा-तिघांना खोळंबावे लागले. ‘दप्तरदार’ यांनी लिहिलेले सेटलवाडांचे प्रश्न त्यांनी गाडीत माझ्याकडून दोनदा वाचून घेतले होते. उंचवट्यावर आल्यावर त्यांनी मुलीला बोळाकडे पाठ करून उभे केले आणि ‘आता सांग, कुठून पळशील?’ असे विचारले. तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, समोरच्या भिंतीकडे पाहिले आणि काहीच बोलली नाही. मग आम्ही घड्याळ लावून उभे राहिलो. चौथ्या मिनिटाला तिने ‘झाली का दहा?’ असे विचारले. वडिलांनी मनगटावरचे घड्याळ काढून तिच्या हातात दिले.