मदत हवी आहे : गॅस्ट्रो हद्दीच्या दोन्ही बाजूंना, मग दोघांनाही बंधनकारक आदेश कोण काढू शकतो?

नमस्कार. स्थानिक स्वराज्य संस्था किंवा आरोग्य प्रशासनात काम केलेल्या सदस्यांकडून मार्गदर्शन हवे आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीत आणि रस्त्यापलीकडच्या वस्तीत एकाच आठवड्यात गॅस्ट्रोचे रुग्ण निघाले. वाडी ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते आणि वस्ती नगरपरिषदेच्या. पाणी मात्र दोन्हीकडे एकाच जलवाहिनीतून येते आणि ती वाहिनी रस्त्याकडेच्या गटारातून गेलेली आहे. आशाताईंनी माझ्यासमोर आमच्या नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन, म्हणजे पाण्यातील क्लोरीन तपासण्याच्या द्रावणाचे) थेंब टाकले, तेव्हा क्लोरीन असल्यास येणारा पिवळा रंग आलाच नाही. टाकीत टीसीएल (क्लोरीनयुक्त ब्लीचिंग) पावडर रोज टाकल्याची नोंद वहीत होती. म्हणजे दोष टाकी आणि नळ यांच्यामध्ये, बहुधा त्या गटारातच असावा.

त्यानंतरचे बारा दिवस पत्रव्यवहारात गेले. गळती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, असे ग्रामपंचायतीने लिहिले; वाहिनी आमच्या मालकीची नाही, असे नगरपरिषदेने कळवले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पथकाने घरोघरी सर्वेक्षण केले, ओआरएस वाटले, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. त्यांच्या कामाबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. पण ते सर्वेक्षण वाडीपुरतेच होते. शेजारच्या आजी चार दिवस ग्रामीण रुग्णालयात सलाइनवर होत्या आणि तरीही वाडीच्या रुग्णयादीत त्यांचे नाव नव्हते. चौकशी केल्यावर कारण समजले. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते, तर ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाच्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या. पलीकडचे रुग्ण तर नगरपरिषदेच्या दवाखान्यात गेलेले. तिन्ही ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून पाहणारे त्या आठवड्यात कोणीच नव्हते.

यानंतर मी मूळ तरतुदी वाचायला घेतल्या. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत 'सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने' हा विषय राज्य सूचीत, 6 व्या नोंदीत आहे. बंदरांवरील विलगीकरण संघ सूचीत आहे. संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा विषय समवर्ती सूचीच्या 29 व्या नोंदीत आहे, म्हणजे रोग राज्याची सीमा ओलांडणार हे गृहीत धरून तेथे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करण्याचा अधिकार दिलेला आहे. 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या आणि बाराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी, आरोग्य आणि स्वच्छता हे विषय अनुक्रमे पंचायती आणि नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोगे म्हणून नमूद आहेत. प्रत्यक्षात किती अधिकार द्यायचे, ते राज्याने कायद्याने ठरवायचे. रोग राज्याची सीमा ओलांडतो तेव्हाची व्यवस्था मला सापडली. तो ग्रामपंचायतीची हद्द ओलांडून रस्त्यापलीकडे जातो तेव्हा काय करायचे, हे मला अजून शोधायचे आहे.

माझ्या वाचनातून तीन मार्ग पुढे आले आहेत. साथरोग अधिनियम, 1897 च्या कलम 2 मधील अधिकार राज्य शासनाचे आहेत आणि नेहमीचे कायदे अपुरे पडतात तेव्हासाठी ते आहेत. दोन वस्त्यांसाठी कोणी तिथवर जाईल असे मला वाटत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि या प्राधिकरणाला स्थानिक संस्थांना निर्देश देता येतात, पण 'आपत्ती'च्या व्याख्येत बाधित समुदायाच्या सामना करण्याच्या क्षमतेपलीकडची घटना अभिप्रेत आहे.

तिसरा मार्ग मला सर्वांत जवळचा वाटतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकत असत. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. याच कलम 133 च्या आधारे मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली होती आणि पैसे नाहीत या सबबीवर नगरपालिकेला आपले कर्तव्य टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये स्पष्ट केले. मात्र तेथे जबाबदार संस्था एकच होती.

म्हणून विचारतो : कलम 152 खालच्या एकाच अर्जात ग्रामपंचायत आणि नगरपरिषद या दोघांनाही प्रतिपक्ष करता येते का, आणि असा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे द्यावा की तहसीलदारांकडे? वाहिनीची मालकी ठरेपर्यंत निदान त्या वाहिनीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून दोन्ही वस्त्यांना टँकरने पाणी देण्याचा अंतरिम आदेश मागता येईल का? आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक व नगरपरिषद यांची रुग्णयादी एकत्र करून घेण्यासाठी वेगळा अर्ज लागेल, की जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र पुरेल?

कोणावर कारवाई व्हावी यासाठी मी हे लिहीत नाही. वाहिनी आजही त्याच गटारात आहे, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी ती वर उचलून घेतली जावी एवढेच मला हवे आहे. असा अर्ज कोणी केला असल्यास, नावे व खासगी तपशील वगळून, त्याचा मसुदा येथे दिलात तर मोठी मदत होईल. ओटीच्या नोंदी आणि दोन्ही कार्यालयांच्या पत्रांच्या प्रती मी जपून ठेवल्या आहेत. अर्जासोबत आणखी कोणती कागदपत्रे लागतील तेही कृपया सांगावे.