ऑफर लेटरवर सही करण्याआधी काय काय वाचलंत? (अनुभव धागा)

गोदाकाठ:
काल भाचीचा फोन. पुण्याच्या कंपनीची ऑफर, २६ पानी करार, "मामा, उद्यापर्यंत सही करून पाठवायचंय." आणि मला २०११ आठवलं. नाशिकच्या सीबीएस बस स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात उभ्याउभ्या स्टॅम्प पेपरवर सही केली होती मी. दोन वर्षांचा बाँड (आधी सोडलं तर पैसे भरायचे), मूळ मार्कशिटा कंपनीकडे. अकराव्या महिन्यात बाबा आजारी पडले, नाशिकला परतायचं होतं, तर दीड लाख भरल्याशिवाय मार्कशिटा देईनात. आईने पाटल्या मोडल्या. पोरीला काय सांगू? लिहा प्लीज.

द्राक्षमळा:
मूळ कागद कध्धीच द्यायचे नाहीत. दाखवायचे आणि परत पिशवीत.

मेनरोड:
सीटीसी, म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च! ६ लाख ऐकून घरी पेढे वाटले. ९० हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणार, शिवाय कंपनीच्या वाट्याचा पीएफ, विमा, ग्रॅच्युइटीपण आमच्याच पॅकेजमध्ये धरलेली. हातात साडेछत्तीस हजार. दरमहा हातात किती येणार ते मेलवर लिहून घ्या.

पाथर्डीफाटा:
एचआर फोनवर म्हणाल्या नाशिकहूनच काम करा. करारात ठिकाण हिंजवडी. सहा महिन्यांत बोलावणं आलं, तान्हं बाळ घरी ठेवून गेले. दर शुक्रवारी पुण्यातल्या नाशिक फाट्यावर बसची वाट बघायची. तोंडी बोलण्यावर जाऊ नका गं.

इंदिरानगरकर:
@पाथर्डीफाटा हल्ली किती तास लागतात?

पाथर्डीफाटा:
पाच धर. नारायणगाव बायपासने बरं झालंय, पण चाकणला अडकतोच.

अंबडलिंकरोड:
वकिली करते म्हणून सांगते. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. बाँडचं तसं नाही. विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये ३ वर्षांचा, २ लाखांचा बाँड वैध ठरवला. तेव्हा 'नुसता कागद आहे, कर सही' असं भाचीला म्हणू नका. नोटीस पिरियडही बघा, म्हणजे नोकरी संपण्याआधी किती दिवस कळवायचं ते. आमच्याकडे एक मुलगा आला होता, त्याने सोडलं तर ९० दिवस, त्यांनी काढलं तर ३०!

द्राक्षमळा:
अजून एक. मी रात्री द्राक्ष फवारणीच्या वेळापत्रकाचं अ‍ॅप बनवतो, भावासाठी सुरू केलेलं. करारात होतं, नोकरीत असताना बनवलेलं सगळं कंपनीचं. सहीआधी मेल करून अ‍ॅप नावानिशी वगळून घेतलं. आठवडा गेला, पण दिलं लिहून.

मेनरोड:
हे माहीतच नव्हतं. माझा करार आज काढून बघतो.

इंदिरानगरकर:
गोदाकाठ, बाबा बरे आहेत ना? पाटल्या?

गोदाकाठ:
बाबा ठणठणीत, रोज घाटावर फिरायला. पाटल्या २०१६ ला केल्या. आई नको नको म्हणाली, मग सराफ बाजारात तासभर डिझाइन बघत बसली.
भाचीने दोन दिवस मागितले, लगेच मिळाले. पान १४ वर बाँड निघालाय, १८ महिने, १ लाख. ट्रेनिंगचा खर्च कसा धरलाय ते मेलवर विचारायला लावलंय. उत्तर आलं की टाकतो.