गार पाणी म्हणजे खरंच गार

"गटात सगळ्यांसमोर घरचं सांगावं लागतं का," असं डीबीटीच्या गटाबद्दल एकाने विचारलंय. नाही. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) म्हणजे तीव्र भावना सावरायला शिकवणारी मानसोपचार पद्धत, आणि तिचा कौशल्यगट ही जवळपास शिकवणीच असते: आठवड्यातून एकदा, दोन-अडीच तास, आधी गृहपाठ, मग नवीन कौशल्य. फेरी साधारण २४ आठवड्यांची. स्वतःला इजा केल्याचे तपशील गटात काढत नाहीत, ते वैयक्तिक सत्रात. तातडीचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

भावनांचा भडका उडाला की गार पाण्यात चेहरा बुडवायचा, हे गटातलंच एक कौशल्य. त्याने फरक पडला नाही म्हणणाऱ्यांनी केलं कसं ते तपासा. श्वास रोखून, पुढे वाकून, डोळे-गालांचा भाग ३० सेकंद पाण्यात. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. मे महिन्यात नागपुरात टाकीतून येतं ते चहाचं पाणी, त्याने नुसतं तोंड धुऊन काय होणार बा! बर्फ घाला, पण १० अंशांच्या खाली नको. हृदयविकार, ठोके मुळातच मंद किंवा ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका. असर काही मिनिटंच टिकतो, तेवढ्यात पुढचं कौशल्य हाती घ्यायचं.

आणि डायरी कार्ड, म्हणजे रोजच्या भावना आणि वापरलेली कौशल्यं आकड्यांत नोंदवायचा तक्ता, रोज रात्री भरा. गटाच्या दिवशी सकाळी आठवडाभराचं एकदम भरलं की सगळे आकडे अंदाजपंचे.