मध नको, दम धरा
तंबाखू ओढायच्या नव्या ब्रायर (एका झुडपाच्या मुळाचं लाकूड) पाइपला आतून मध लावावा का, असं वर विचारलंय. मी लावला होता. आठवडाभर करपलेल्या काकवीचा वास! त्यापेक्षा पहिले पाच-सहा वेळा पाइपचं भांडं (तंबाखू भरायची वाटी) एक तृतीयांशच भरा, मग अर्धा, मग पूर्ण. झुरके अगदी सावकाश. भांडं गालाला लावल्यावर चटका बसला तर ठेवून द्या. तंबाखू बुडापर्यंत ओढा, नाहीतर तळाचं लाकूड कोरंच राहतं. आत काजळीचा थर धरायला हवा, पण मिलिमीटर-दीड मिलिमीटरच. जाड झाला की तापून फुगतो आणि भांडं तडकू शकतं. गरम असताना तोंडाकडची नळी उपसू नका (माझी सैल झाली ती अशीच). मीरशॉमच्या (मऊ पांढऱ्या खनिजाच्या) पाइपला मात्र उलट न्याय, तिथे थर धरूच द्यायचा नाही.